पंधराव्या वचनावर थांबलेला मान्ना

४ ऑगस्ट २०२४ रोजी, सामान्य काळातील अठराव्या रविवारी, जगभरच्या कॅथलिक ख्रिस्तमंदिरांतून निर्गमाच्या पुस्तकातील सोळाव्या अध्यायाचे वाचन झाले. आमच्या धर्मग्रामातही झाले. वाचन करणाऱ्या तरुणाने ते खणखणीत आवाजात, अडखळता न येता केले. रानात आलेल्या इस्राएल लोकांची कुरकूर, संध्याकाळी छावणीवर उतरलेले लावे, सकाळचे दहिवर विरल्यावर जमिनीवर दिसलेला खवल्यांसारखा बारीक पदार्थ, तो पाहून लोकांनी एकमेकांना विचारलेला ‘मान हू’, म्हणजे ‘हे काय आहे’, हा प्रश्न, आणि परमेश्वराने तुम्हांला खायला दिलेली भाकर ती हीच, हे मोशेचे उत्तर. येथे वाचन संपले. प्रवचनही रसाळ झाले. देव आपल्या लेकरांना वाळवंटातही उपाशी ठेवत नाही, तेव्हा आपण चिंता कशाला करावी, असा त्याचा आशय होता. आम्ही समाधानाने घरी गेलो.

आमची तक्रार त्या वाचकाविरुद्ध नाही आणि प्रवचनकाराविरुद्धही नाही. पंधराव्या वचनावर थांबण्याची जी सवय आपणा सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, तिच्याविरुद्ध आहे. त्या रविवारचा पाठ अध्यायाच्या दुसऱ्या ते चौथ्या आणि बाराव्या ते पंधराव्या वचनांचा असतो. सोळाव्या वचनात मोशेचे बोलणे थांबलेले नाही, ते तसेच पुढे चालू आहे. ही भाकर परमेश्वराची, असे सांगून तो त्याच श्वासात सांगतो की प्रत्येकाने आपापल्या तंबूतील माणसे मोजून माणशी एक ओमर एवढेच गोळा करावे. भाकर कोणाची हे कळले की ती किती घ्यायची हेही कळले पाहिजे, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या आहेत. आपण तो श्वास मधेच तोडतो आणि पहिला अर्धा भाग तेवढा घरी नेतो.

गंमत अशी की आपण वाचतो त्या चौथ्या वचनातच परमेश्वर स्वच्छ सांगतो की लोक माझ्या नियमाने चालतात की नाही याची मी यातून परीक्षा पाहणार आहे. परीक्षा आहे हे ऐकायचे, आणि प्रश्नपत्रिका मात्र उघडायची नाही! ती प्रश्नपत्रिका सोळाव्यापासून तिसाव्या वचनापर्यंत आहे. तिच्यात प्रश्न तीनच आहेत. आपल्या वाट्याहून अधिक घेणार काय? उद्याच्या धास्तीने आजचे उरवून ठेवणार काय? आणि सातव्या दिवशी स्वस्थ बसणार काय? इस्राएल लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात सपशेल नापास झाले, हेही अध्यायातच लिहिलेले आहे. काहींनी रात्री उरवून ठेवले, त्यात सकाळी किडे पडून दुर्गंधी सुटली आणि मोशे संतापला. काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी परतले. पहिल्या प्रश्नाविषयी पुढे बोलू.

मान्ना म्हणजे काय असावे, या चर्चेत आम्ही फार वेळ घालवणार नाही. सिनायच्या प्रदेशात टॅमरिस्कच्या झुडपांवर राहणारे बारीक कीटक गोड स्राव टाकतात, त्याचे पांढुरके थेंब पहाटे गोळा करता येतात आणि ऊन चढले की ते वितळतात. हिब्रू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर यांनी १९२७ साली त्या प्रदेशात जाऊन याचा अभ्यास केला होता. लावे पक्षीही स्थलांतराच्या काळात भूमध्य समुद्र ओलांडून थकलेल्या अवस्थेत त्या बाजूच्या किनाऱ्यांवर उतरतात. आमच्यातील काही सुशिक्षितांना एवढे कळले की आपण बायबलच्या पुढे गेलो असे वाटते, तर काही भाविकांना एवढे ऐकले की श्रद्धेवर घाला पडला असे वाटते. दोन्ही पक्ष आकाशाकडे पाहत भांडत बसले आहेत. ग्रंथकाराचे लक्ष मात्र जमिनीवर आहे. पडण्यासाठी त्याने दोन-तीन वचने पुरेशी मानली, वेचण्यासाठी, मोजण्यासाठी आणि न वेचण्यासाठी पंधरा खर्च केली. कीटकांचा स्राव शुक्रवारी दुप्पट होत नाही आणि शनिवारी थांबत नाही. तेव्हा ग्रंथकाराला जे सांगायचे आहे ते कीटकांच्या आधाराने सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.

हा नियम नेमका याच लोकांना का दिला गेला? हे समजण्यासाठी ते कोठून आले हे आठवले पाहिजे. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात त्यांच्या गुलामीच्या कामाचे नाव दिलेले आहे. फारोसाठी पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधणे, हे ते काम. ज्यांच्या पाठीवर आसूड ओढले जात होते त्यांच्याकडून धान्य साठवण्याच्या भिंती उभारून घेतल्या जात होत्या. पाचव्या अध्यायात विटांचा नेम येतो. पेंढा मिळणार नाही, पण दिवसाच्या विटा त्या दिवशी भरल्याच पाहिजेत, असे मुकादम बजावतात. तेथे मूळ हिब्रूत ‘योम बेयोमो’, म्हणजे त्या दिवसाचे त्या दिवशी, असे शब्द आहेत. आणि सोळाव्या अध्यायात लोकांनी दररोज बाहेर जाऊन त्या दिवसाचा वाटा त्या दिवशी वेचावा असे परमेश्वर सांगतो, तेथे पुन्हा तेच शब्द आहेत, ‘योम बेयोमो’. शब्द तेच, पण धनी बदलला आहे. फारोच्या राज्यात रोजचा हिशेब विटांचा होता आणि तो माणसाकडून वसूल केला जाई. रानात रोजचा हिशेब भाकरीचा आहे आणि तो माणसाला दिला जातो. आम्हांस वाटते, ही जोडी ज्याने जुळवली त्याला विटांचा भट्टीवरचा वास ठाऊक असला पाहिजे.

कोठारांची कथा याहूनही जुनी आहे. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रत्येक मूल सांगते. सत्तेचाळिसावा अध्याय मात्र कोणी सांगत नाही. दुष्काळात लोक त्या कोठारांपुढे उभे राहिले. पहिल्या खेपेला पैसा गेला, दुसऱ्या खेपेला गुरे गेली, आणि तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः होऊन म्हटले की आता आमच्या जमिनी आणि आमची शरीरे एवढीच उरली आहेत, ती घ्या आणि बियाणे द्या. साऱ्या मिसर देशाची जमीन फारोची झाली आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा त्याच्या घरी जाऊ लागला. (याजकांच्या जमिनी तेवढ्या वाचल्या. या वचनापाशी आमच्या पूज्य धर्मगुरूंनी क्षणभर थांबावे, अशी नम्र विनंती.) इस्राएलांच्या आधी मिसरी लोकच भाकरीपायी गुलाम झाले होते. त्याच देशात पुढे योसेफाच्या वंशजांची पाळी आली.

अशा देशातून सुटून आलेल्या माणसांना पहिल्याच महिन्या-दीड महिन्यात जी भाकर मिळाली, तिचे कोठार बांधता येत नव्हते. तिला टोपली चालत होती, कोठार चालत नव्हते. गुलामगिरीतून बाहेर पडणे म्हणजे तांबडा समुद्र ओलांडणे, असे आपण शिकतो. ते एका रात्रीचे काम होते. आपल्या तंबूजवळ नवा फारो तयार होऊ न देणे हे रोज सकाळी करायचे काम होते आणि ते चाळीस वर्षे चालले.

येथे आमचे सावध वाचक हटकतील की बचत करणे पाप आहे काय, शहाणा मनुष्य चार पैसे मागे टाकत नाही काय, मुंगीचे उदाहरण नीतिसूत्रांनीच दिले नाही काय. हरकत योग्य आहे, आणि तिचे उत्तर त्याच अध्यायात आहे. सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर घ्यावेत आणि एक उद्यासाठी ठेवावा, अशी आज्ञाच होती. तो ठेवलेला मान्ना किडला नाही. पदार्थ तोच, मडके तेच, मध्ये एकच रात्र. मंगळवारी ठेवलेला सडतो आणि शुक्रवारी ठेवलेला टिकतो. फरक ठेवण्यात नाही, कशासाठी ठेवले यात आहे. सर्वांनी मिळून विसावा घ्यावा म्हणून ठेवलेले टिकले. शेजाऱ्याच्या आधी, शेजाऱ्याहून अधिक, उद्या देव देईल की नाही या संशयाने ठेवलेले सडले. लेकरांच्या शिक्षणासाठी, म्हाताऱ्या आईच्या औषधासाठी पैसे बाजूला टाकणाऱ्या कोणावरही या अध्यायाचा रोख नाही. घरात शनिवारचा ओमर कोणता आणि मंगळवारचा कोणता, हे ज्याचे त्याला कळते. विशेषतः कपाट उघडले की वासाने कळते.

आता कुरकुरीविषयी. मान्नावरील बहुतेक प्रवचनांत इस्राएल लोकांना कृतघ्न म्हणून झोडपले जाते. मिसरातील मांसाची भांडी त्यांनी आठवली म्हणून त्यांना हावरे ठरवले जाते. परंतु सोळाव्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावल्याचे दिसत नाही. मी त्यांची कुरकूर ऐकली आहे, असे तो म्हणतो आणि संध्याकाळी अन्न पाठवतो. उपाशी माणसाची तक्रार हे बायबलच्या दृष्टीने पाप नव्हे, ते निवेदन आहे. ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी ती ऐकून ‘श्रद्धा ठेवा’ असे सांगत सुटणे आम्हांला तरी शोभत नाही. आणि त्या गुलामांचे शब्दही नीट ऐकावेत. मांसाच्या भांड्यांजवळ आम्ही बसत होतो, असे ते म्हणतात. पोटभर खात होतो म्हणतात ते मांस नव्हे, भाकर.

शिक्षा झाली ती दुसऱ्या प्रसंगी. गणनेच्या अकराव्या अध्यायात मान्ना रोज मिळत असता, तो जात्यात दळून, उखळीत कांडून, मडक्यात शिजवून त्याच्या पोळ्या होत असता, लोकांना मिसरातील मासे आठवू लागले. काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवू लागले. मासे आम्ही फुकट खात होतो, असे ते म्हणाले. फुकट! ज्या नदीत हिब्रूंचे नवजात मुलगे फेकून द्या असा फारोचा हुकूम सुटला होता, त्याच नदीच्या काठची ही माणसे. गुलामीने माणसाचे काय होते हे सांगायला हा एक शब्द पुरे आहे.

मग लावे आले, इतके की छावणीच्या चहूकडे एक दिवसाच्या वाटेपर्यंत त्यांचा खच पडला. लोक तो सारा दिवस, सारी रात्र आणि दुसरा सारा दिवस गोळा करीत राहिले. ग्रंथकार सांगतो की ज्याने सर्वांत कमी गोळा केले त्याचेही दहा होमेर झाले. ओमर आणि होमेर ही मापे कानाला जवळची वाटतात, म्हणून त्यांतील अंतर लक्षात येत नाही. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, असे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाचे शेवटचे वचन सांगते. होमेर म्हणजे दहा एफा, असे यहेज्केलाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात आहे. म्हणजे एका होमेरात शंभर ओमर आणि दहा होमेरांत हजार. सर्वांत मागे राहिलेल्या माणसाने एका दमात स्वतःचा हजार दिवसांचा वाटा ओढून घेतला होता. मांस दातांखाली असतानाच साथ आली. त्या जागेला किब्रोथ-हत्तावा, म्हणजे हव्यासाच्या कबरी, असे नाव पडले. एकीकडे भुकेची तक्रार आणि तिला मिळालेली भाकर, दुसरीकडे ढिगाची हाव आणि तिला मिळालेली कबर. या दोन अध्यायांची आपण प्रवचनात खिचडी करतो आणि तिच्यातून गरिबांना कृतज्ञतेचा धडा वाढतो.

पहिल्या प्रश्नाचे वचन अठरावे. कोणी अधिक गोळा केले, कोणी कमी. ओमराने मापून पाहिले तेव्हा ज्याने अधिक घेतले होते त्याचे उरले नाही आणि ज्याने कमी घेतले होते त्याला उणे पडले नाही. हे कसे घडले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. टोपलीतला मान्ना आपोआप कमी-अधिक झाला, असे समजणे सर्वांत सोयीचे आहे, कारण मग माणसाला काहीच करावे लागत नाही. पण संत पौलाने ते तसे वाचले नाही. करिंथच्या श्रीमंत मंडळीकडे यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी मागताना, दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, त्याने नेमके हेच वचन पुढे ठेवले. तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरून निघावी आणि समानता व्हावी, असा त्याचा युक्तिवाद आहे. मान्नाच्या काळात जे रानात झाले ते आता तुमच्या थैलीतून व्हावे, असे तो सांगतो. हे वाचन आपल्या रविवारच्या पाठांत येते, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी तेराव्या रविवारी, ३० जून २०२४ रोजी, ते आपण ऐकले. पण पाच आठवड्यांनी मान्ना आला तेव्हा त्या दोन पाठांची गाठ किती ठिकाणी बांधली गेली?

असाच आणखी एक थांबा आहे. ख्रिस्तशरीराच्या सणाला, ‘अ’ वर्षी, अनुवादाच्या आठव्या अध्यायातून मान्नाची आठवण वाचली जाते आणि पाठ सोळाव्या वचनात संपतो. सतरावे वचन असे सांगते की पुढे घरेदारे आणि गुरेढोरे वाढल्यावर, हे धन माझ्याच बळाने, माझ्याच हाताच्या सामर्थ्याने मी मिळवले, असे मनात आणू नकोस. ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांच्यासाठीच हे वचन लिहिलेले आहे. ते ज्या दिवशी वाचायला हवे त्याच दिवशी आपण त्याच्या उंबऱ्यावरून परत फिरतो.

राहिला सातवा दिवस. दहा आज्ञा सिनाय पर्वतावर विसाव्या अध्यायात मिळाल्या, पण शब्बाथ लोकांना सोळाव्यातच मिळाला. पाट्यांच्या आधी सुट्टी आली. सुटलेल्या गुलामांना देवाने पहिल्या दोनच वस्तू दिल्या, पोटाला भाकर आणि अंगाला विसावा, आणि दोन्ही एकाच टोपलीत घालून दिल्या. हा विसावा किती चिवट निघाला याची साक्ष आपल्या कोकणात आहे. बेने इस्राएल समाजाचे लोक कुलाबा जिल्ह्याच्या गावांतून तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या नावावरून शेजाऱ्यांच्या ध्यानात काय राहिले ते दिसते.

आमच्या शेजाऱ्यांच्या ध्यानात आमचा रविवार कसा राहील? त्या ऑगस्टच्या रविवारी मान्ना ऐकून आम्ही बाहेर पडलो तेव्हा धर्मग्रामाच्या सभागृहात एका समारंभाच्या जेवणाची तयारी चालली होती. मागच्या अंगणात चार-पाच बाया पहाटेपासून भांडी घाशीत बसल्या होत्या. त्यांतील एकीला आम्ही सहज विचारले की तुमची सुट्टी कोणत्या वारी असते. ती हसली आणि म्हणाली, ‘बोलावलं नाय की सुट्टी.’ बोलावले नाही त्या दिवशी मजुरीही नाही, हे तिने सांगितले नाही, सांगण्याची गरज नव्हती. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे सांगते, आणि कारण देते ते हे की तू मिसरात दास होतास. पान वाढणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला रविवारची मजुरी आणि आठवड्यातील एक भरपगारी विसाव्याचा दिवस, एवढा ठराव एखाद्या धर्मग्राम परिषदेने केला तर त्याला लागणारा खर्च त्या दिवशीच्या मांडवावरील फुलांहून कमी असेल. आम्ही हे हिशेब करून लिहीत आहोत, कारण फुलांचे बिल आमच्या नजरेखालून गेले होते.

देव देईल, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात नेमके काय असते? बारा वर्षे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते वाक्य ऐकवणे सोपे असते. मान्नाच्या अध्यायात देव देतो यात शंकाच नाही, त्यात माणसाला काही वाव ठेवलेला नाही. वाव ठेवला आहे तो मापात. जेथे माप मोडले तेथे देवाचे देणे कमी पडले असे दिसू लागते, आणि मग आपण त्याच्या दयेवर प्रवचने करतो.

वाचनपाठाची वचने आपल्या मनाने वाढवण्याचा अधिकार कोणाला नाही, हे आम्ही जाणतो. पण प्रवचनाला सोळाव्या वचनाची बंदी नाही, आणि वाडीवाडीत भरणाऱ्या बायबल मंडळांना तर मुळीच नाही. हा पाठ रविवारी पुन्हा २०२७ साली येईल. तोवर वेळ आहे. एखाद्या संध्याकाळी आपल्या मंडळात सोळा ते छत्तीस ही एकवीस वचने मोठ्याने वाचावीत, घरातील एखादे दोन लिटरच्या आसपासचे भांडे मध्ये ठेवावे, कारण ओमर साधारण तेवढा भरतो, आणि मग बोलावे.

त्या एकवीस वचनांत एका मडक्याचीही हकीकत आहे. पुढच्या पिढ्यांना दिसावा म्हणून थोडा मान्ना जपून ठेवण्याची आज्ञा झाली आणि अहरोनाने तो परमेश्वरापुढे ठेवला. चाळीस वर्षांच्या त्या साऱ्या प्रवासात पिढ्यान्‌पिढ्या साठवण्याची परवानगी मिळालेला मान्ना तेवढाच. त्याचे मापही दिलेले आहे. तो एक ओमर होता, एका माणसाचा एका दिवसाचा वाटा.